मिशन कंट्रोलच्या खुर्चीवर

आज फोंड्याच्या आमच्या शाळेत मुलांच्या खोट्या चांद्रमोहिमेची फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाची प्रमुख, मी होते. यान म्हणजे लॅबशेजारची बंद खोली. आत आठवीची चार मुलं, बाहेर टेबलांवर नववी-दहावीची. प्रत्येकाकडे एकच काम: प्राणवायू, वीज, इंधन, दिशा.

एक नियम कडक होता. यानाशी फक्त कॅपकॉमने, म्हणजे नियंत्रण कक्षातून यानाशी बोलणाऱ्या एकाच व्यक्तीने, बोलायचं. नासात मर्क्युरी या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमांच्या काळापासून हीच पद्धत आहे, आणि ती का आहे हे आज डोळ्यांसमोर दिसलं. कार्बन डायऑक्साइडचा आकडा मी मुद्दाम चढवला, तशी सगळी टेबलं एकदम बोलायला लागली. कॅपकॉमवरच्या मुलीने नुसता हात वर केला. सगळे गप्प. मग माइकवर म्हणाली, "फिल्टर बदलायचाय. एकेक पायरी सांगते, झाली की 'झालं' म्हणा." काय आवाज होता तिचा! जराही कापला नाही.

हा प्रसंग घेतला होता नासाच्या अपोलो १३ या चांद्रमोहिमेतून. एप्रिल १९७० मध्ये चंद्रावर उतरायच्या छोट्या यानातल्या, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या गोल फिल्टरच्या जागी मुख्य यानातले चौकोनी बसेनात, तेव्हा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने यानातल्याच पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टीतून जोडणी करवून घेतली होती. आमच्या पोरांनीही पुठ्ठ्यावरच निभावलं.

चंद्रापर्यंत संदेशाला साधारण १.३ सेकंद लागतात, तेवढा उशीरही ठेवला होता. आता त्यांना मंगळ हवाय, म्हणजे एका बाजूने ३ ते २२ मिनिटं! तेवढा उशीर लावणारं सॉफ्टवेअर कुणा पालकाला जमत असेल तर कळवा, मी लगेच येते भेटायला.