कडी काढलेला रुपया

"नाणं अस्सल हाय न्हवं, मग ह्येला आकडा का न्हाई?" गुजरीत आज एका आजोबांनी विचारलेला हा प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही.

प्लास्टिकच्या बंद डबीत व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया होता आणि लेबलवर 'एक्सएफ डीटेल्स, माउंट रिमूव्ड' असे छापलेले होते, म्हणजे झीज थोडीच, पण बसवलेली कडी काढून टाकलेली. डबी उजेडात तिरपी धरली, तेव्हा मुकुटाच्या वरच्या काठावर घासून सपाट केलेली जागा दिसली; गळ्यात घालण्यासाठी तिथे कधीतरी डाख देऊन कडी बसवलेली असणार.

नाणी तपासून अशा डबीत बंद करणारे परीक्षक नाण्याच्या स्थितीला १ ते ७० पैकी आकडा देतात, पण अशा नाण्याला तो देत नाहीत. नाणे अस्सल असल्याची खात्री देऊन ते झिजेची पातळी शब्दांत सांगतात आणि घासणे, कोरणे, भोक बुजवणे यांपैकी काय घडले, ते स्वतंत्रपणे नोंदवतात. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, कारण हातोहात फिरून आलेली झीज आणि मुद्दाम केलेला बदल एकाच आकड्यात मिसळले, तर घेणाऱ्याची फसगत होते.

लक्ष्मीपूजनाआधी आपण चांदीची नाणी रांगोळीने लख्ख घासतो, तेव्हा उमटणाऱ्या बारीक चरांनी टांकसाळीतली मूळ झळाळी कायमची जाते. तुमच्या देव्हाऱ्यातली नाणी तुम्ही कशी पुसता?