तुम्ही विचारलंत म्हणून : वाढदिवस घरीच का?

मुलांचे वाढदिवस तुम्ही घरीच का करता, हा प्रश्न शाळेच्या फाटकाशी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि कार्यालयात डबा खाताना लोकांनी मला इतक्या वेळा विचारला आहे की त्याचे उपप्रश्नही आता मला पाठ झाले आहेत. पैसे वाचतात का? नोकरी सांभाळून एवढा वेळ कुठून आणता? आणि तिसरा, जो नेहमी हसत हसत विचारतात आणि म्हणूनच जो घरापर्यंत माझ्या पाठोपाठ येतो : हे सगळे मुलांसाठी असते की तुमच्यासाठी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देत आले, तिसरा मात्र आजवर हसण्यावारी नेला.

पैसे वाचत नाहीत. धाकट्याच्या पाचव्या वाढदिवसाचा हिशेब माझ्या वहीत आहे : रंग, ब्रश, फेविकॉल, घोटीव कागद आणि सुतळी मिळून १,८४० रुपये, खाणे वेगळे. त्यात माझी दीड दिवसाची रजा धरली, तर घोडबंदर रोडवरच्या एखाद्या हॉलचे बिल फारसे लांब राहत नाही. आणि वेळ मिळत नाहीच, तो झोपेतून काढावा लागतो. कमी झोपलेली बाई घरात कशी वागते, हे खाली येईलच.

थीम हा शब्द उच्चारताना काही जणांच्या ओठांना जी मुरड पडते, ती मात्र मला मान्य नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्याला कोणी विचारत नाही की हे कशासाठी. गोणपाट, माती, विटांचे तुकडे, उतारावर पेरलेले अळीव आणि बुरुजावर मावळे, हे करत आपण वाढलो, गणपतीच्या आरासीसाठी रात्री जागवल्या आणि त्याला हौस म्हटले. तीच हौस वाढदिवसाला केली की तो दिखावा कसा होतो? (फोटो मी स्टेटसला ठेवते. ते कोणी कोणी पाहिले, हेही पाहते. एवढे कबूल करून पुढे जाते.)

थोरलीच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही रोहित पक्षी केले होते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, ऐरोलीहून आम्ही होडीने ते पक्षी पाहून आलो होतो, आणि ते जे खातात त्यातून त्यांना गुलाबी रंग येतो, ही गोष्ट तिला इतकी आवडली की त्या दिवशी आम्ही सगळे खाणे बीट घालून गुलाबी केले : पुऱ्या, इडल्या, सँडविचमधले लोणीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाच्या आईचा घाबरलेला फोन आला, कारण त्याला लाल शू झाली होती. बीट खाल्ल्यावर काहींना तशी होते, हे तिला समजावताना मला हसू आवरत नव्हते. थोरली आजही तो वाढदिवस सांगते. तो यशस्वी झाला, आणि बहुधा तिथेच माझे बिघडले.

आता गाडीविषयी. नौपाड्यातल्या आमच्या खिडकीतून दिवसभर लोकलचा आवाज येतो, तेव्हा धाकट्याने पाचव्या वाढदिवसाला गाडी मागितली यात नवल नव्हते. त्याने मागितली होती लोकल. आत कड्या लोंबकळणारी आणि ‘पुढील स्टेशन मुलुंड’ असे बोलणारी. मी त्याला १८५३ सालची गाडी दिली. त्याचा वाढदिवस १८ एप्रिलचा, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली ती १६ एप्रिलला, आणि हा योग मला सोडवेना. चौतीस किलोमीटरचा प्रवास, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिने आणि सुटताना एकवीस तोफांची सलामी, हे मी त्याला रोज झोपताना सांगू लागले. तो म्हणाला, ‘‘पण त्यात पंखे होते का?’’ मी पुढचे सांगत राहिले.

चौदा डबे म्हणजे चौदा पाहुणी मुले, असे गणित मी मांडले. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, आणि तशीही पुठ्ठ्याची मजा थर्माकोलला नाही. गावदेवी बाजाराजवळच्या वाण्याकडून तेलाची आणि बिस्किटांची खोकी आणली, मैद्याची खळ शिजवून वर वर्तमानपत्राचे थर दिले, खिडक्या कटरने कापल्या. तीन इंजिने घरात मावणार नव्हती, म्हणून एकटा सुलतान केला, धाकट्याला बसण्यासाठी. खिडकीशी इंजिन ठेवले, तेव्हा वळसे घेत घेत चौदावा डबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकला. आमंत्रणे तिकिटांच्या आकाराची कापली आणि त्यांवर वेळ घातली तीन वाजून पस्तीस मिनिटे, कारण ती गाडी तेव्हा सुटली होती. एप्रिलच्या उन्हात लहान मुलांना साडेतीनला कोण बोलावते, असे चार आयांनी फोन करून विचारले, आणि चौघींनाही मी इतिहास ऐकवला.

आदल्या रात्री सव्वा वाजता शेवटचे तीन डबे रंगवायचे होते. नववा नुकताच संपवला होता आणि त्याची खळ अजून ओली होती. त्याच्या खिडक्यांच्या बारीक चौकटींना मी पाऊण तास घालवला होता, हे मला आजही आठवते, यावरूनच काय ते समजा. धाकटा पाणी प्यायला उठला. गाडी सबंध जोडलेली त्याने तोवर पाहिली नव्हती, कारण मी त्याला दोन दिवस त्या बाजूला फिरकू दिले नव्हते. तो दारात उभा राहिला, हसला, आणि पाच वर्षांचे पोर जे करील तेच त्याने केले. जो डबा जवळ होता त्यात जाऊन बसला. ओला पुठ्ठा एका बाजूने उलगडत खाली गेला.

मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढले आणि पाठीत धपाटा घातला. हलका नव्हता. तो रडला नाही. त्याने विचारले, ‘‘ही माझी आहे ना?’’ आणि मी म्हणाले, ‘‘उद्या. उद्या तुझी.’’

किल्ल्याला हात लावला म्हणून आम्हीही धपाटे खाल्लेच की, हे स्पष्टीकरण मी पुढे कित्येक दिवस स्वतःला दिले. आता देत नाही. किल्ला आम्ही मुलांनी बांधलेला असायचा आणि मारणारा दादाही मुलगाच असायचा. इथे बांधणारी मी, मारणारी मी.

तीन वाजेपर्यंत जागून मी नववा डबा दुरुस्त केला. मुले सव्वाचारला आली. सासूबाईंनी औक्षण केले, तोफांच्या जागी एकवीस फुगे फोडले तेव्हा दोन लहानगी दचकून रडली, आणि इतिहास कोणीही ऐकला नाही. पाचव्या मिनिटाला मुलांनी त्या गाडीची लोकल केली : कोणी ‘पुढील स्टेशन मुलुंड’ ओरडू लागले, कोणी उतरण्यासाठी ढकलाढकली करू लागले, एक जण ‘आगे चलो, आगे चलो’ म्हणू लागला. धाकटा मात्र इंजिनाशेजारी उभा होता. ‘‘आई, बसू का?’’ बस ना. तो बसला, वडा खायला उठला, परत आला. ‘‘आई, बसू का आता?’’ ह्यांनी काढलेल्या अकरा मिनिटांच्या चित्रफितीत हे चार वेळा ऐकू येते. चौथ्या वेळी मागून एका पाहुणीचा आवाज येतो, ‘‘किती शिस्तीचा आहे हो तुमचा मुलगा!’’ आणि त्यावर मी म्हणते, ‘‘थँक्यू.’’

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर याहून स्पष्ट मला देता येत नाही. पण ‘म्हणजे तुमच्यासाठीच’ असे म्हणून तुम्ही उठणार असाल, तर थांबा. पाहुणे गेल्यानंतर ती गाडी दीड महिना घरात राहिली. त्या दीड महिन्यात तिला पंखे आले, कड्या आल्या, तिचे मुलुंड न्हाणीघरापाशी गेले. धाकटा तिच्यात जेवला, एकदा झोपलाही. विचारणे त्याने तिसऱ्या दिवशी बंद केले. तो तिसरा दिवस मी मोजत होते, हे तुम्हाला कोणत्याही फोटोत दिसणार नाही. जूनमध्ये पुठ्ठा सादळला आणि गाडी रद्दीवाल्याकडे गेली.

चार वर्षांपूर्वीची मी हॉलमधल्या वाढदिवसांना नावे ठेवत असे : माइक घेऊन ओरडणारा निवेदक, दोन तासांची घड्याळी मजा, जाताना हातात कोंबलेली प्लास्टिकची पिशवी. ती बाई अजून माझ्याशी वाद घालते आणि प्लास्टिकच्या पिशवीपुरते तिचे बरोबरही आहे. मात्र अशाच एका हॉलमध्ये गेल्या महिन्यात धाकट्याने चाळीस मिनिटे ट्रॅम्पोलिनवर उड्या मारल्या, कोणालाही न विचारता, आणि घामाने थबथबून माझ्याकडे आला तो फक्त पाण्यासाठी. त्याची आई भिंतीशी खुर्चीवर बसून होती. तिला दुसरे काही काम नव्हते आणि तिला ते जड गेले.

सहाव्या वाढदिवसाला त्याने तोच हॉल मागितला आहे. चार ते सहाची वेळ ठरली आहे आणि काल आगाऊ रक्कमही भरली. आमंत्रणांची तिकिटे मी घरी कापायला घेतली आहेत, या वेळी लोकलच्या तिकिटासारखी. तिकिटे हवीत का, हे त्याला अजून विचारलेले नाही.