चाकच

परवा दुपारी एका वजाबाकीपाशी अडलो. १० - ४ - ३. उत्तर ३ यायला हवं, माझ्या पार्सरनं, म्हणजे लिहिलेलं वाचून त्याची फोड करणाऱ्या प्रोग्रामनं, ९ दिलं.

खरं तर तो चुकला नव्हता. कंस डावीकडून घालायचे की उजवीकडून, हे मीच त्याला सांगितलं नव्हतं, आणि तेही मुद्दाम. कारण मी भाषा बनवत नव्हतो, भाषा बनवायचं बाकडं बनवत होतो. खेळण्यातल्या प्रोग्रामिंग भाषा त्यावर मांडायच्या, एक व्याकरण काढून दुसरं बसवायचं, खालचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारा भाग, तोच. बाकड्याला स्वतःचं मत नको, हा माझा हट्ट. पण ‘आधी एक आकडा, मग वजा, मग उरलेलं सगळं’ असं रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा नियम, सरळ लिहून टाकलं की उजवी बाजू आपोआप धरली जाते: १० - (४ - ३). एपीएल या भाषेत सगळं उजवीकडूनच मोजतात, तिथल्या लोकांना हे ९ बरोबरच वाटलं असतं. स्मॉलटॉक या भाषेत तर गुणाकाराला आधीचा मान नाही, २ + ३ * ४ चे २० होतात. तेव्हा डावं-उजवं, आधी-नंतर, सगळं एका सेटिंग्जच्या फाइलीतून घ्यायचं ठरवलं.

आमच्या लहानपणीच्या ‘च’च्या भाषेला असली फाइल नव्हती. ‘मी घरी जातो’चं ‘चीम चरीघ चातोज’. मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायचो. त्यांना सगळं कळायचं, पण ते दाखवत नसत. भांडणं व्हायची जोडाक्षरांवरून. ‘प्रश्न’मधला अख्खा प्र मागे जातो की नुसता प? मी ‘चश्नप्र’वाला, बहीण ‘च्रश्नप’वाली. तिला च्र सहज म्हणता यायचा, मला यायचा नाही. माझ्या व्याकरणनिष्ठेचं मूळ तेवढंच. आणि ‘चाक’चं काय होतं? ‘चाकच’. आता कुणी ‘चाकच’ म्हणालं तर ते गुप्त भाषेतलं चाक, की चाकच हवंय, दुसरं काही नको? आम्ही बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचो. हा पर्याय मला अजून फाइलीत घालता आलेला नाही.

वात्रटपणाचा अस्सल नमुना म्हणजे १९७२ साली दोन विद्यार्थ्यांनी रचलेली इंटरकॅल ही प्रोग्रामिंग भाषा. तिच्यात मधूनमधून ‘प्लीज’ लिहावं लागतं. कमी लिहिलं तर कंपायलर उद्धट म्हणून प्रोग्राम नाकारतो, जास्त लिहिलं तर लाळघोटा म्हणून. माझ्या एका आत्याला ही भाषा फार पटली असती.

आणि त्या दोघांनी आधी बाकडं केलं नव्हतं, हे मनाला लागतं. लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचंही तसंच. तिचे जनक मॅकार्थी. लिस्पमध्ये लिहिलेल्याचं उत्तर काढणारं ‘इव्हॅल’ त्यांनी लिहिलं ते कागदावर, लोकांनी वाचावं म्हणून. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाले, मी हे आयबीएम ७०४ या संगणकावर चालवतो. मॅकार्थींचं म्हणणं, तुझी गल्लत होतेय, ते वाचायसाठी आहे. रसेलनी हातानं मशीन कोड लिहून ते चालवलंच.

मला तरी काय करून बघायचं होतं? व्हेरिएबल आपली जुनी किंमत विसरतच नाही, अशी एक भाषा. क्षला नवी किंमत दिली तरी ‘मघाचा क्ष’, ‘त्याच्या आधीचा क्ष’ असं मागता यावं. एका संध्याकाळचं काम होतं. त्याला आता चार महिने झाले. एरर मेसेजमध्ये ओळ आणि स्तंभ दोन्ही अचूक यावेत म्हणून त्यातले तीन आठवडे गेले, आणि त्याबद्दल मला मुळीच पश्चात्ताप नाही.

मध्यंतरी सेटिंग्जची फाइल वाढली. तिच्यात अटी लागल्या, मग नावं लागली, मग थोडी आकडेमोड. ती वाचायला म्हणून घाईघाईत एक छोटा पार्सर लिहिला. काल रात्री सहज तिच्यात १० - ४ - ३ घालून पाहिलं.

९.

आता हिचं डावं-उजवं कुठल्या फाइलीत ठेवायचं? सध्या कंस घालून भागवतोय.