आमची वाटचाल : ऑइल इंजिनापासून ओपन डेकपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं रिबोअरिंगचं (झिजलेले सिलिंडर पुन्हा गोल कापून देण्याचं) दुकान वडिलांनी सुरू केलं. तेव्हा काम यायचं ते उसाला पाणी ओढणाऱ्या ऑइल इंजिनांचं, पुढे ट्रॅक्टर आणि जीपचं. ब्लॉक बिडाचा, लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, तोही बिडाचा. म्हादबा मेस्त्रींच्या गावात चांगल्या कारागिरांना तोटा नव्हता. वडिलांचं नाव झालं ते मापासाठी. बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास मोजणारा डायल बोअर गेज लावून वर, मध्ये, खाली असं माप गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय ते ब्लॉक हातात देत नसत. आमचा धंदा आजही त्याच सवयीवर उभा आहे.

दुकान माझ्याकडे आलं तोवर नदीकाठी विजेच्या मोटारी बसल्या होत्या आणि ऑइल इंजिनांचं काम आटत चाललं होतं. त्याच सुमारास पुण्याहून एक मुलगा जुन्या होंडा सिटी व्हीटेकचा ब्लॉक घेऊन आला. त्याने गाडीला टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) लावला होता आणि हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) सारखं उडत होतं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, डेक, म्हणजे ब्लॉकचा वरचा सपाट भाग, उघडा. चारही सिलिंडर खालून धरलेले, पण वरच्या टोकाला भोवती नुसतं पाणी.

यात कंपनीची चूक काहीच नाही. असा ब्लॉक पोलादी डायमध्ये दाबाने ओततात. वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) घडवणारा डायचा भाग वरून सरळ काढून घेता येतो, पोकळीसाठी वाळूचा कोअर (गाभा) लागत नाही. काम झपाट्याने होतं, शिवाय पिस्टनच्या वरच्या रिंगजवळ पाणी भरपूर खेळतं. कारखान्यातून निघालेल्या ताकदीला तो वर्षानुवर्षं साथ देतो. प्रश्न येतो तो ताकद दुप्पट करायची म्हटल्यावर.

होंडाच्या के20 इंजिनाचंच घ्या. बोअर 86 मिमी. टर्बो लावून आतला दाब 100 बारपर्यंत गेला, तर पिस्टनवर जवळपास 6 टन भार येतो. हा दाब शिगेला पोचतो तो पिस्टन टॉप डेड सेंटरवरून (सर्वांत वरच्या टोकावरून) जरासा खाली आल्यावर, क्रँक साधारण 15 अंश फिरलेला असताना. कनेक्टिंग रॉड तेव्हा तिरका असतो, म्हणून जडत्व बाजूला ठेवलं तरी त्या भाराचा सुमारे बारावा हिस्सा, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास, सिलिंडरच्या भिंतीला आडवा रेटतो. आणि पिस्टन त्या वेळी नेमका वर, जिथे सिलिंडरला आधार नाही तिथेच असतो! दर स्फोटाला सिलिंडरचं तोंड किंचित हलतं, गॅस्केटची फायर रिंग (सिलिंडरच्या तोंडाभोवतीची धातूची कडी) घासत जाते, एक दिवस गॅस्केट सुटतं किंवा लायनरला तडा जातो. खुद्द बीएमडब्ल्यूने एन55 इंजिनाला ओपन डेक ठेवला, पण 2014 च्या एम3 आणि एम4 साठी एस55 बनवताना डेक बंद केला. कारण हेच.

"दादा, ब्लॉक गार्ड ठोकून द्या ना," असं अजूनही फोनवर ऐकू येतं. ब्लॉक गार्ड म्हणजे वरच्या फटीत बसवायची प्लेट. स्वस्त असते, पण ती ठोकताना बोअरचा आकार बिघडतो आणि वरच्या भागात, जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथलंच पाणी अडतं. ती बसवल्यावर पुन्हा होनिंग (बोअर दगडाने घासून अचूक गोल करणं) करायला बहुतेक जण तयार नसतात. आम्ही ते काम घेत नाही.

आम्ही जुने लायनर पूर्ण काढून कॉलरचे (वरच्या टोकाला जाड कडा असलेले) नवे लायनर बसवतो. अमेरिकेत डार्टनसारख्या कंपन्या हेच करतात. कॉलरच्या कडा सपाट कापून एकमेकींना भिडवल्या की उघडा डेक आपोआप बंद होतो. के20 मध्ये दोन बोअरच्या मध्यांत अंतर 94 मिमी, म्हणजे मध्ये उरतात अवघे 8 मिमी, तेव्हा इथे शतांश मिमीचा हिशोब लागतो. पाण्याच्या वाटा कॉलरमध्ये राखाव्या लागतात, त्या हेडच्या भोकांशी जुळवून घेतो. लायनरच्या नळ्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून एसजी आयर्नच्या (जास्त चिवट बिडाच्या) ओतून घेतो, 600/3 ग्रेडच्या. साधं एफजी260 बीड 260 मेगापास्कलला तुटतं आणि तुटण्याआधी जवळजवळ ताणतच नाही. हे 600 पर्यंत टिकतं, वर 3 टक्के ताणतं.

नवख्या मशिनिस्टला आम्ही एक गोष्ट पहिल्या दिवशी समजावतो. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. 90 मिमी व्यासाला 80 अंश तापमान वाढलं की दोघांत साधारण 8 शतांश मिमीचा फरक पडतो. थंड असताना गच्च बसलेला लायनर गरम झाल्यावर सैल होतो, म्हणून नुसत्या घट्ट बसवण्यावर भिस्त ठेवून चालत नाही. लायनर खरा धरला जातो तो कॉलरवर, हेडच्या दाबाखाली. त्यामुळे कॉलरची बैठक चारही बोअरला सारख्या खोलीची हवी, आणि डेकचं फेसिंग (सपाट कापणं) सगळ्यात शेवटी.

होनिंग आम्ही टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, कसूनच करतो. हेडचे स्टड आवळले की बोअर दबतो. प्लेटशिवाय गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. प्लेटा दुकानातच बनवल्या, प्रत्येक इंजिनाची वेगळी.

आज पुणे, मुंबई, बेंगळुरूहून ब्लॉक येतात. त्यातले काही आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला पळतात, काही कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर. ट्रॅक्टरचं काम मात्र सोडलेलं नाही, आणि त्याचंही माप गिऱ्हाइकासमोरच होतं.

ब्लॉक पाठवणाऱ्यांना एकच विनंती: सोबत पिस्टन, हेड स्टड आणि जे गॅस्केट वापरणार तेच गॅस्केट पाठवा. पिस्टन हातात असल्याशिवाय आम्ही शेवटचं होनिंग करत नाही.