दिवस १८०: कुंडीतून काढलं, चाळलं, वजन केलं

आज २८ ऑगस्ट. कुठली वस्तू मातीत खरंच कुजते ते बघायला १ मार्चला पुरलेल्या नमुन्यांना १८० दिवस झाले, आणि काल रात्रीपासून पाऊस जरा उघडलाय म्हणून सकाळी सहालाच गच्चीवर जाऊन शेवटची बॅच काढली. हात अजून मातीने भरलेत, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आमच्याकडे भाच्याची मुंज झाली तेव्हा केटररने "पूर्ण कंपोस्टेबल" म्हणून पारदर्शक ग्लास दिले होते, मी हौसेने पंधरा-वीस ग्लास धुऊन गच्चीवरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकले. आठ महिन्यांनी खत काढलं तर भाज्यांची सालं, नारळाच्या शेंड्या, आंब्याच्या कोयी सगळं काळंभोर झालेलं आणि त्यात हे ग्लास जसेच्या तसे चकचकीत, एकावर तर कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं. तेव्हा ठरवलं की लेबलवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून पुण्यातल्या सहकारनगरच्या आपल्या गच्चीवर, आपल्या मातीत, आपल्या हवेत काय होतं ते स्वतः बघायचं.

आठ वस्तू घेतल्या. पळसाची पत्रावळ (रविवार पेठेतून आणलेली), सुपारीच्या झावळीची प्लेट, उसाच्या चोथ्याची वाटी, अमृततुल्यचा कागदी कप, "कंपोस्टेबल" छापलेली कॅरीबॅग, त्याच मुंजीतला पीएलएचा (मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचा) ग्लास, माझ्या सासऱ्यांचा जुना सुती रुमाल आणि दुकानात मिळते ती कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी. ही शेवटची मुद्दाम, कारण कितीतरी लोक तिला कापडी समजतात, प्रत्यक्षात ती पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लॅस्टिकच आहे.

नमुने प्रत्येकी साधारण ५ ग्रॅमचे, मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीच्या पिशव्यांत शिवून कुंड्यांमध्ये १० सेंमी खोल. पहिल्या वेळी (दोन वर्षांपूर्वी) मी एकच नमुना काढायचे, बघायचे आणि परत पुरायचे, त्याने सगळी वाट लागते, माती हलते, हवा आत जाते, बुरशीचे धागे तुटतात. म्हणून यावेळी ६०, १२० आणि १८० दिवसांसाठी वेगवेगळ्या पिशव्या आणि प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण ४८ पिशव्या. एकदा काढली की ती परत मातीत जात नाही. आणि टॅग! मार्करने लिहिलेलं दीड महिन्यात उडतं, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्यावर बॉलपेनने दाबून आकडा कोरा, तो आजही वाचता येतोय.

आणखी एक सेट आमच्या सोसायटीच्या कंपोस्ट पिटमध्ये माळीकाकांच्या परवानगीने ठेवला होता, त्याबद्दल पुढे.

कुंडीत काय झालं

पहिले ६० दिवस खरं सांगायचं तर जवळजवळ काहीच नाही. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवरच्या कुंडीची माती दुपारपर्यंत सुकून ढेकूळ होते, मी दिवसाआड पाणी घालत होते तरी. ३० एप्रिलला काढलं तेव्हा रुमाल ८१ टक्के उरलेला, पत्रावळ ७४, सुपारी ९२, बॅग ९८. सूक्ष्मजीवांना ऊब असून चालत नाही, ओल लागते, हे वाचून माहीत होतं पण आकड्यात पहिल्यांदा दिसलं. वळवाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर मात्र चित्रच बदललं, जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंडीत हात घातला तर मातीला तो कुजक्या पानांचा गोडसर वास यायला लागला होता.

१२० व्या दिवशी (२९ जून) मी चक्रावून गेले. सुपारीच्या प्लेटचं वजन वाढलेलं! दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की एप्रिलमध्ये मी नमुने उन्हात वाळवले होते आणि जूनमध्ये घरात पंख्याखाली, आणि पावसाळ्यात हवेतलीच ओल ही पानं, कागद, कापूस शोषून घेतात. आता सगळं ओटीजीत (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) ६० अंशांवर, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत ठेवते, मग लगेच सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात गार करून काट्यावर. पीएलए मात्र ओटीजीत घालू नका, ६० च्या आसपास तो मऊ पडून वाकडा होतो, नुसता पुसून वजन करा. १२० चे नमुने मी परत वाळवून मोजले आणि आकडे जागेवर आले, पण ६० व्या दिवसाचे आकडे उन्हात वाळवलेलेच आहेत त्यामुळे ते दोन-चार टक्क्यांनी इकडेतिकडे धरा.

आजचे निकाल. उसाच्या चोथ्याची वाटी संपली, गव्हाच्या चाळणीवर काही म्हणजे काही राहिलं नाही. रुमालाचं कापड पूर्ण गेलं आणि राहिली फक्त चारी बाजूंची शिवण, एक रिकामी चौकट, कारण तो दोरा पॉलिएस्टरचा आहे. ती चौकट हातात घेतली तेव्हा खरंच गलबलून आलं. सासऱ्यांनी तो रुमाल वीस वर्षं वापरला आणि माझ्या मातीने तो सहा महिन्यांत पचवला. सुपारी ३८ टक्के उरलीय, ती जाड आणि वरून मेणचट असते म्हणून वेळ घेते, पण हाताने तुटतेय, अजून एक पावसाळा तिला पुरेल.

पत्रावळीने मात्र फसवलं. पानं गेली, आणि मागे राहिली एक पातळ, पारदर्शक, पत्रावळीच्याच आकाराची फिल्म. म्हणजे पानांच्या खाली प्लॅस्टिकचा थर चिकटवलेला होता आणि विकत घेताना मला तो दिसलाही नाही. सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आम्ही चोयांनी टाचायचो गं, त्यात हे कुठून येणार?" त्यांनी मग लगेच मला पळसाची पानं आणायला सांगितलीत, पुढच्या फेरीसाठी त्या स्वतः पत्रावळ लावून देणार आहेत. कागदी कपाचंही तेच, कागद गेला आणि आतल्या पॉलिथिनच्या अस्तराचा कप उरला, इतका नाजूक की फुंकर मारली तर उडेल, पण आहे.

नॉन-वोव्हन १०० टक्के. पीएलए ग्लास १०१ टक्के, तो जादा एक टक्का चिकटलेल्या मातीचा.

कॅरीबॅग, जिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय

बॅगचे मोठे मोठे तुकडे निघाले, ६१ टक्के वजन. कोणी म्हणेल वा, ३९ टक्के कुजली, सहा महिन्यांत छान आहे की! मीही तसंच लिहिणार होते. पण पुरण्याआधी मी या बॅगच्या एका तुकड्यावर आयोडिनचा थेंब टाकून बघितला होता, तेव्हा निळा-काळा डाग पडला होता, म्हणजे त्यात स्टार्च आहे. आज उरलेल्या तुकड्यांवर तोच थेंब टाकला आणि पिवळटच राहिला. चार तुकड्यांवर करून बघितलं, चारही पिवळे. म्हणजे जे गेलं त्यातला मोठा भाग बहुधा स्टार्च आणि उरलेलं ते पॉलिमर. अशा पिशव्यांत बऱ्याचदा पीबॅट नावाचं पॉलिमर असतं, कधी पीएलएही, त्यात स्टार्च मिसळतात. सूक्ष्मजीव आधी सोपा घास खातात. मला वजनातला फरक दिसतोय, पण तो सरळ रेषेत पुढे जाईल असं धरून "वर्षभरात संपेल" असं मी म्हणू शकत नाही.

म्हणूनच मी परत परत सांगते की दिसेनासं होणं वेगळं आणि कुजणं वेगळं. तुकडे होऊन जाळीच्या भोकातून बाहेर गेलं तरी वजन कमी होतं, वाळवीने उचलून नेलं तरी वजन कमी होतं. खरं कुजलं कधी म्हणायचं, तर त्यातला कार्बन सूक्ष्मजीवांनी खाल्ला आणि कार्बन डायऑक्साइड म्हणून श्वासावाटे सोडला तेव्हा. प्रयोगशाळेत तोच मोजतात. आपल्याकडे कंपोस्टेबल प्लॅस्टिकसाठी जे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे त्यात १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, शिवाय ८४ दिवसांनी २ मिमीच्या चाळणीवर मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त राहता कामा नये. पण कळीचा मुद्दा हा की ती कार्बनची चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते! माझ्या कुंडीची माती जुलैमध्ये २५-२६ अंश होती. बॅगवर छापलेलं खोटं नाही, पण ते माझ्या कुंडीबद्दल बोलतच नाहीये. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्लिमथ विद्यापीठाच्या लोकांनी पिशव्या तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवून बघितल्या होत्या, त्यातली "बायोडिग्रेडेबल" लिहिलेली पिशवी तीन वर्षांनीही सामान भरून उचलता येत होती, आणि कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली पण मातीत २७ महिन्यांनंतरही होती. जागा बदलली की उत्तर बदलतं.

बरण्यांचा प्रयोग

कार्बन डायऑक्साइड घरी मोजायचा खटाटोप मी जुलैपासून करतेय. लोणच्याच्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत कुंडीतलीच ओली माती, तीत नमुन्याचे २ ग्रॅम बारीक तुकडे, आणि आत एका छोट्या वाटीत ५० मिली चुन्याची निवळी. पानाच्या टपरीवरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वर येते ती. कार्बन डायऑक्साइड निवळीत गेला की पांढरी साय धरते. किती चुना उरला ते मोजायला हळद! चुना लागला की हळद लाल होते (कुंकू असंच तर करतात), मग दहापट पातळ केलेलं व्हिनेगर सिरिंजने थेंब थेंब सोडायचं, लाल जाऊन पिवळं झालं की थांबायचं. साय आधी कॉफी फिल्टरने गाळून टाका, नाहीतर व्हिनेगर तिच्यातही खर्च होतं.

पहिल्या वेळी २५० ग्रॅम माती घेऊन रात्रभर ठेवलं तर सगळ्या बरण्यांमधली हळद आधीपासूनच पिवळी, म्हणजे चुना सगळीकडे संपलेला. निवळीत चुना फार थोडा विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम, आणि जिवंत माती स्वतःच भरपूर श्वास घेते. आता १०० ग्रॅम माती आणि फक्त ६ तास. व्हिनेगर जितकं कमी लागेल तितका कार्बन डायऑक्साइड जास्त निघाला. ताज्या निवळीला ३२ मिली व्हिनेगर लागतं. नुसत्या मातीच्या बरणीला २६. सुती कापडाच्या बरणीला १८. पीएलए आणि नॉन-वोव्हन २६, मातीइतकंच, म्हणजे त्यांना कोणी तोंड लावलेलं नाही. कॅरीबॅगला २४.५. हा दीड मिलीचा फरक छोटा आहे म्हणून पाच वेळा केलं, कधी १ कधी २, पण पाचही वेळा त्याच बाजूला. कोणीतरी खातंय, हळूहळू. नुसत्या मातीची बरणी मात्र विसरू नका, ती नसेल तर बाकी आकड्यांना अर्थच नाही.

सोसायटीचा पिट

इथे गंमत आहे. पिट मोठा, ८० फ्लॅटचा ओला कचरा, वर पालापाचोळा, माळीकाका आठवड्याला उलथापालथ करतात. लांब दांड्याच्या थर्मामीटरवर पहिल्या तीन आठवड्यांत ५८ ते ६४ दिसत होतं, माझ्या ड्रममध्ये ४५ च्या वर दोन दिवससुद्धा टिकत नाही कारण ढीगच लहान, उष्णता निघून जाते. ८४ व्या दिवशी, २४ मेला काढलं. बॅग चाळणीवर नावाला, दोन-तीन चिंध्या. आणि तोच पीएलएचा ग्लास, जो माझ्या कुंडीत आजही चकचकीत आहे, पिटमध्ये पांढरट, वाकडातिकडा होऊन चिमटीत दाबला की भुगा! पीएलएमध्ये आधी पाणी शिरून लांब साखळ्या तुटतात आणि मग सूक्ष्मजीव खातात, तो पहिला टप्पाच ५५-६० अंशांच्या खाली अतिशय संथ चालतो. त्यामुळे मुंजीतले ग्लास "कंपोस्टेबल" होते हे खरं, फक्त ते माझ्या ड्रममध्ये टाकायचे नव्हते, आणि हे त्या ग्लासवर एका ओळीत छापायला काय हरकत होती हा माझा राग अजून गेलेला नाही. घरी कंपोस्ट करणाऱ्याला तापमान कोण सांगणार?

गणपती तोंडावर आहेत म्हणून दोघी-तिघींनी शाडूबद्दल विचारलंय. शाडू कुजत नाही, ती मातीच आहे, पाण्यात सुटी होऊन परत माती होते. पीओपीसाठी आपल्या पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) महापालिकेबरोबर अमोनियम बायकार्बोनेटची जी पद्धत आणली त्यातही कुजणं नाही, रासायनिक क्रिया होऊन तळाला कॅल्शियम कार्बोनेट बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. त्यामुळे या दोन्ही गोष्टी माझ्या जाळीच्या पिशव्यांत बसत नाहीत, पण मूर्तीवरचे रंग आणि निर्माल्यातले हार-दोरे मात्र नक्की बसतात, हारांचे दोरे तर मी या वर्षी जमवणारच आहे, सुती किती आणि नायलॉनचे किती ते मोजायला.

उरलेले बॅगचे तुकडे बरण्यांत जातायत, स्टार्च संपल्यावर फरक दीड मिलीवरून किती होतो ते बघायचंय. पीएलएच्या दोन पिशव्या मी शिस्त मोडून परत त्याच कुंडीत पुरल्यात, टॅग ४१ आणि ४२, पुढच्या मार्चपर्यंत हात लावणार नाही. कोणाकडे सोसायटीचा गरम पिट असेल आणि थर्मामीटर नसेल तर कळवा, माझ्याकडचा दुसरा देते, आकडे मात्र रोज सकाळी एकाच वेळी घ्यायचे.