जिन्याची जागा

आज नगरपालिकेत आमच्या घराच्या सुधारित नकाशावर सुनावणी झाली. घर जुनं, माळवदाचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरकडं दगडमातीच्या भिंती अन् डोक्यावरचं मातीचं ओझं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून माळवद उतरवून स्लॅब टाकायची रीतसर परवानगी घेतली होती. पण खोदताना नेमका जिन्याच्या जागी बुजवलेला आड निघाला. जिना उत्तरेला सरकवायचा, एवढाच बदल. तिकडं शेजारच्या काकांची खिडकी. त्यांनी हरकत घेतली.

बाहेर एकानं सल्ला दिला, "बांधून टाका, मग दंड भरून नियमित करा." मला हे अजिबात पटत नाही. मंजुरीबाहेर बांधलं की १९६६ च्या नगररचना कायद्यातल्या कलम ५३ ची नोटीस येऊ शकते, बांधलेलं पाडायची वेळ येते. शिवाय काकांचा उजेड दंडानं परत येत नाही.

काका साहेबांसमोर एवढंच म्हणाले, "जिना करा, पण आमच्या स्वयंपाकघरात दिवसा लाईट लावायची पाळी आणू नका."

बरोबरच आहे त्यांचं.

आर्किटेक्टनं तिथंच जिना आत घेऊन वळवला. आमची मधली खोली लहान होते, होऊ द्या. आईच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या बुटक्याच हव्यात, यावर मात्र मी अडून बसले. काकांनीही माझी बाजू घेतली. सोमवारी नवा नकाशा दाखल करतोय. तोवर गवंडी मंजूर असलेल्या पुढच्या भिंतीचं काम करतील.