सूर्य गेल्यावर थांबा जरा

रविवारी संध्याकाळी वेताळ टेकडीवर गेलात तर एक गंमत बघा. सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे, मोबाईल वर, आणि सूर्याची शेवटची कड गेली रे गेली की पब्लिक लगेच उताराला लागतं. बालगंधर्वला शेवटचा प्रवेश चालू असताना पार्किंगमधून गाडी काढायला उठणारी माणसं असतात ना, अगदी तसं. अहो, खरे रंग तर त्यानंतर येतात! सूर्य आपल्याला दिसेनासा झाला तरी वरच्या ढगांना तो अजून दिसत असतो, तिरका प्रकाश हवेतून एवढा लांबून येतो की निळा रंग वाटेतच विखरून जातो, उरतो तो केशरी आणि लाल, आणि तो ढगांच्या पोटाला खालून लागतो. आपल्याकडे हे फार रेंगाळतही नाही, सूर्य बराच सरळ खाली उतरतो आणि अर्ध्या तासाच्या आत दिवे लावावेच लागतात. म्हणजे थांबायचं ते फार तर वीस मिनिटं, पण तेवढंही होत नाही लोकांना.

मला टेकडी रोज जमत नाही. माझी आपली कोथरूडातल्या सोसायटीची गच्ची, वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने. कपडे पाच मिनिटांत निघतात आणि मी अर्धा तास वर असते हे घरात सगळ्यांना माहितीये, आता कोणी विचारतही नाही.

गच्चीवरून मला आयतं कॅलेंडर मिळालंय. डिसेंबरात सूर्य डावीकडच्या बिल्डिंगच्या टाकीमागे मावळतो, मग रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत जूनमध्ये पार पलीकडच्या सोलर पॅनलपर्यंत जातो आणि तिथून परत फिरतो. पुण्यातून हा पल्ला साधारण ५० अंशांचा आहे, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर अशा पाच मुठी! एक नवा टॉवर बरोबर मध्ये उभा राहिलाय त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्यास्त मला मिळत नाही, त्या बारा मजल्यांतल्या पश्चिमेकडच्या लोकांना मिळतो, पण त्यांच्या खिडक्यांना कायम पडदे. वेळेचंही मजेशीर आहे, सगळ्यात लहान दिवस डिसेंबरातला पण सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटाकडे असतो, सहाच्या जरा आधी. जुलैच्या सुरुवातीला तोच सव्वासातपर्यंत लांबतो, फक्त तेव्हा ढगांमुळे दिसत काही नाही.

पण माझी खरी शिफारस वेगळीच आहे. सूर्य गेला की पाठ फिरवा. पूर्वेकडे, हडपसरच्या बाजूला, क्षितिजाला लागून एक राखाडी निळा पट्टा असतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, आपल्या पृथ्वीची, हवेवर पडलेली! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कपड्यांची बादली तिथेच ठेवून उभी राहिले होते. इतकी वर्षं मी त्याला धुरकं समजत होते. ही सावली बघता बघता वर चढते, गुलाबी फिका होत जातो आणि मग सगळं एकच होऊन जातं. आकाश स्वच्छ पाहिजे मात्र, पावसाळा संपल्या संपल्या एकदम झकास दिसतं, जानेवारीतल्या धुळकट हवेत अंदाजच करावा लागतो. मे महिन्यात वळवाचे ढग आले तर मग काही विचारूच नका, तो वर पसरट झालेला ढग लांब कुठेतरी सासवडकडे उभा असतो, माथा अजून गुलाबी, बुड काळंशार, आणि आत वीज चमकतेय पण आवाज काही इथपर्यंत येत नाही.

एवढ्यात पाकोळ्यांचा गोंधळ चालूच असतो. बिल्डिंगच्या भोवती किंचाळत चकरा मारतात, पाय इतके आखूड की तारेवर बसता येत नाही, भिंतीलाच चिकटायचं. खालच्या वडावर साळुंक्यांची जागेवरून भांडणं चाललेली. दहा मिनिटांनी पाकोळ्या गायब आणि वटवाघळं हजर, ती नेमकी कधी बदलतात ते मला अजून पकडता आलेलं नाही.

पुण्यात आकाश बघणाऱ्यांची तशी कमी नाही, टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, पण ते बहुतेक रात्रीचे लोक, अंधार पडल्यावर कामाला लागणारे. आम्ही संध्याकाळवाले आपले मधल्यामधले, शुक्राची चांदणी दिसली की कुकर लावायला खाली.

परवा सावली फारच सुंदर दिसत होती म्हणून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'पृथ्वीची सावली, पूर्वेकडे बघा'. पहिला रिप्लाय आला, 'प्रदूषण किती वाढलंय बघा'. मग कोणीतरी मागच्या हॉटेलच्या तंदूरचा विषय काढला, मग पार्किंगमधल्या डिझेल गाड्यांचा, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी मला पर्सनलवर विचारलं, गच्चीची किल्ली तुझ्याकडेच असते का गं?